रक्तातली प्रोटिन्स एकमेकांना कशी धरतात आणि कधी सोडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) पोरांना शिकवतो आणि सकाळी लॅबला बसतो, त्यामुळं प्रश्न दोन्हीकडून येतात. पोरं परीक्षेपुरतं विचारतात, पेशंट रिपोर्ट हातात धरून विचारतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघांचा प्रश्न एकच असतो. तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. पहिले चार प्रश्न पायाचे, पुढचे रिपोर्टचे, शेवटचे जरा वाकडे. औषधाचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचा, माझा नाही.

१. प्लाझ्मा आणि सीरम एकच ना?

नाही. रक्त गोठू न देता सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर जे पिवळसर पाणी राहतं तो प्लाझ्मा, रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग. आधी गोठू दिलं आणि मग फिरवलं तर सीरम. मुख्य फरक फायब्रिनोजेनचा, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून होतात त्या प्रोटीनचा, ते गुठळीत खर्ची पडलेलं असतं. म्हणजे सीरम बघताना एक मोठं बाइंडिंग (प्रोटिन्सनी एकमेकांना धरणं) आधीच होऊन गेलेलं असतं, ते कसं होतं ते प्रश्न १० मध्ये.

२. एवढं प्रोटीन एकाच भांड्यात आहे, मग सगळं एकमेकांना चिकटून त्याचं दही का होत नाही?

प्रश्न भारी आहे, आणि दह्याचंच उदाहरण घेऊ. गाईच्या दुधात १०० मिलीला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, प्लाझ्मात ६ ते ८ ग्रॅम. म्हणजे दुधाच्या दुप्पट, आणि तरी पाण्यासारखं वाहतं. दूध विरजलं की आंबटपणा वाढतो, पीएच ४.६ च्या आसपास गेला की केसीनवरचा विद्युतभार संपतो, एकमेकांना ढकलायला काही उरत नाही आणि कण एकत्र येऊन दही लागतं. रक्ताचा पीएच ७.४ ला धरून ठेवलेला असतो, तिथं प्लाझ्मातली बहुतेक प्रोटिन्स निगेटिव्ह असतात, जवळ आली की एकमेकांना लांब सारतात. शिवाय तेलकट, पाण्याला नको असलेला भाग घडीच्या आत दडवलेला आणि बाहेरून पाण्याचा थर. याच भाराचा उपयोग करून स्वीडनच्या आर्ने टिसेलियसनं १९३७ मध्ये प्लाझ्मातली प्रोटिन्स अल्ब्युमिन, अल्फा, बीटा, गॅमा अशी वेगळी केली, १९४८ ला नोबेल मिळालं, आणि तुमच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या रिपोर्टवर आजही तीच नावं छापून येतात.

म्हणजे न चिकटणं हा नियम आहे. चिकटणं हा अपवाद, आणि म्हणूनच जे चिकटतं त्याला काहीतरी अर्थ असतो.

३. मग जे चिकटतं ते नेमकं कशानं? डिंकासारखं काही असतं का?

डिंक नाही. शेतातून घरी आलात की पँटला कुसळं चिकटलेली असतात ना, एकेक कुसळ काही फार धरत नाही पण पन्नास असली की निघता निघत नाहीत, तसं आहे. दोन प्रोटिन्सचे पृष्ठभाग आकारानं एकमेकांत बसले पाहिजेत, इकडच्या प्लससमोर तिकडचा मायनस यायला पाहिजे, हायड्रोजन बाँड जुळले पाहिजेत, आणि मधलं पाणी बाहेर निघालं पाहिजे. हे शेवटचं लोक विसरतात पण बऱ्याच वेळा खरा जोर त्यातूनच येतो, तेलकट भाग एकमेकांना भिडले की त्यांच्याभोवती अडकलेलं पाणी मोकळं होतं आणि ते पाण्याच्या फायद्याचं असतं. एकूण चिकटणारी जागा साधारण चार बाय चार नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नखाएवढीसुद्धा नाही म्हणायचीही सोय नाही. त्यातही सगळी जागा सारखी महत्त्वाची नसते, दोन-चार अमिनो आम्लंच खरी पकड देतात. तिथं एक बदलला की अख्खं बाइंडिंग जातं, उदाहरण प्रश्न ८ आणि ९ मध्ये आहे.

४. "टाइट बाइंडिंग" म्हणजे किती टाइट? केडीची व्याख्या पाठ आहे पण डोक्यात बसत नाही.

व्याख्या सोडा. जोडीदार किती प्रमाणात असला की निम्मी प्रोटिन्स जोडीत जातात, तो आकडा म्हणजे केडी. आकडा लहान तितकी पकड घट्ट, कारण थोडाच जोडीदार असूनही काम भागतं.

पण मला विचाराल तर केडीपेक्षा "सुटायला किती वेळ लागतो" हे बघा. साधारण वेगानं एकमेकांना सापडणारी जोडी घ्या, म्हणजे सेकंदाला दर मोलर दहा लाखाचा वेग. केडी १ नॅनोमोलर असेल तर निम्म्या जोड्या सुटायला साडेअकरा मिनिटं लागतात. केडी त्याच्या हजारपट लहान, १ पिकोमोलर केला तर ८ दिवस. अकरा मिनिटांची ओळख आणि आठ दिवसांचा मुक्काम, दोन्हीला पुस्तकात "टाइट" म्हणतात!

आणि प्रमाण विसरायचं नाही. अल्ब्युमिन प्लाझ्मात एवढं जास्त आहे की कमजोर पकड असूनही त्याच्यावर भरपूर गोष्टी बसलेल्या असतात. फक्त केडी बघून निष्कर्ष काढला तर हमखास फसता.

५. हॅप्टोग्लोबिन खूप कमी आलंय, डॉक्टर म्हणाले रक्तपेशी फुटतायत. एक प्रोटीन कमी असण्याचा आणि फुटण्याचा काय संबंध?

लाल पेशी फुटली की हिमोग्लोबिन प्लाझ्मात सांडतं. पेशीच्या आत ते गुणी, बाहेर आलं की उपद्रवी: चार भागांचं असतं ते दोन-दोनमध्ये तुटतं, एवढं लहान होतं की किडनीच्या गाळणीतून जातं आणि तिथं नुकसान करतं, शिवाय रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं. म्हणून हॅप्टोग्लोबिन त्याला पकडतं, आणि प्लाझ्मातल्या घट्टात घट्ट पकडींपैकी ही एक आहे, जवळजवळ सुटतच नाही. जोडी झाली की मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशीवरचा सीडी१६३ नावाचा रिसेप्टर ती ओळखतो आणि काही मिनिटांत आत ओढून घेतो.

इथं मेख अशी की हॅप्टोग्लोबिन परत येत नाही, हिमोग्लोबिनबरोबर तेही संपतं. लिव्हर नवीन बनवतं पण फुटण्याचा वेग जास्त असेल तर पुरं पडत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये आकडा खाली. प्रोटीन बनत नाहीये असं नाही, खर्च होतंय. विदर्भात आणि नंदुरबारकडं सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत, त्यांच्यात हे कायमच कमी दिसतं.

६. मग हॅप्टोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणजे पेशी फुटत नाहीत, बरोबर?

नेहमी नाही. अंगात ताप, इन्फेक्शन, सूज असली की लिव्हर हॅप्टोग्लोबिन जास्त बनवतं, त्यामुळं एकीकडं खर्च आणि दुसरीकडं जास्तीची कमाई होऊन आकडा नॉर्मल दिसू शकतो. उलट नुकत्याच जन्मलेल्या बाळात ते मुळातच कमी असतं, तिथं घाबरायचं नाही. एलडीएच, बिलिरुबिन, रेटिक काउंट या पेशी फुटल्याच्या बाकीच्या खुणा सोबत बघायच्या, एकट्या आकड्यावर जायचं नाही.

७. व्हिटॅमिन ए न्यायला दोन-दोन प्रोटिन्स कशाला लागतात?

एकानं काम झालं असतं, पण तो एक लहान पडतो. रेटिनॉल (म्हणजेच व्हिटॅमिन ए) धरणारं आरबीपी फक्त २१ किलोडाल्टनचं, एकटं फिरलं तर किडनीतून लघवीत जाईल. म्हणून ते ट्रान्सथायरेटिन नावाच्या ५५ किलोडाल्टनच्या प्रोटीनला टेकून फिरतं, दोघं मिळून मोठे झाले की गाळणीतून जात नाहीत. लहान पोराचा हात धरून जत्रेत फिरायचं तसं. रेटिनॉल पेशीला देऊन झालं की आरबीपीची पकड ढिली होते, हात सुटतो, आणि रिकामं आरबीपी किडनीत जाऊन संपतं.

ट्रान्सथायरेटिन स्वतः चार सारख्या तुकड्यांचं असतं, आणि त्याची गोष्ट इथंच संपत नाही: काही लोकांत हे चार तुकडे एकमेकांपासून सुटतात, सुटलेला तुकडा घडी बिघडून हृदयात किंवा नसांत साचतो. टॅफॅमिडिस हे औषध त्या चौघांना एकत्र बांधून ठेवतं. बाइंडिंग तोडणारी औषधं ढीगभर आहेत, टिकवणारं औषध विरळा, म्हणून मला याचं कौतुक.

८. माझ्या बहिणीला फॅक्टर आठ (रक्त गोठवणारं एक प्रोटीन) कमी आहे. हिमोफिलिया मुलांना होतो, मुलींना नाही असं शिकलो होतो. मग?

दोन-तीन शक्यता असतात. ती वाहक असून तिच्यात चांगला एक्स क्रोमोसोम जास्त पेशींत बंद पडलेला असू शकतो. पण एक शक्यता बऱ्याचदा सुटते, ती म्हणजे फॅक्टर आठ चांगला आहे, त्याला धरणारा खराब आहे.

फॅक्टर आठ एकटा प्लाझ्मात टिकत नाही, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाच्या लांबलचक प्रोटीनला धरून फिरतो. धरलेला असताना त्याचं अर्धायुष्य १२ तासांच्या आसपास, आधार नसेल तर दोन-तीन तास. व्हॉन विलेब्रँडमध्ये जिथं फॅक्टर आठ बसतो नेमक्या त्याच जागी बदल झाला की बाकी सगळं नॉर्मल, फक्त आठ टिकत नाही. रिपोर्ट हुबेहूब हिमोफिलिया ए सारखा. याला टाइप २एन म्हणतात, एन म्हणजे फ्रान्सचा नॉर्मंडी प्रांत, पेशंट तिथली होती म्हणून. हा आजार एक्सवर नाही, आई-वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली की मुलगा-मुलगी कुणालाही होतो, आणि आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं होतात त्या घरांत तर हे विचारायलाच पाहिजे. उपचारही बदलतो, नुसता शुद्ध फॅक्टर आठ दिला तर धरायला कोणी नसल्यानं पटकन संपतो, दोन्ही असलेलं द्यावं लागतं. कुठली टेस्ट करायची? फॅक्टर आठ बाइंडिंगची टेस्ट किंवा जीन टेस्ट, हिमॅटॉलॉजिस्टला विचारा.

मूळ आजाराचं नाव फिनलंडच्या एरिक व्हॉन विलेब्रँडवरून, त्यांनी १९२६ मध्ये ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं, सुरुवात ५ वर्षांच्या एका मुलीपासून. मुलींनाही होतंय हे बघूनच त्यांना कळलं की हा नेहमीचा हिमोफिलिया नाही. म्हणजे तुमचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी त्यांनाही पडला होता.

९. एकदा धरलं की कधीच सोडत नाही असं काही असतं का?

असतं, सर्पिन नावाची प्रोटिन्स, कापणाऱ्या एन्झाइमना अडवणारी. उंदराचा सापळा आठवा. सर्पिनच्या अंगातून एक वळसा बाहेर आलेला असतो, ते आमिष. कापणारं एन्झाइम येतं, आमिष कापतं, आणि कापल्याक्षणी तो वळसा झटक्यात आत ओढला जातो आणि सोबत एन्झाइमला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फरपटत नेतो. एन्झाइमची घडी मोडते, काम संपतं, दोघंही कोव्हॅलंट बाँडनं कायमचे जोडलेले. नंतर लिव्हर दोघांची विल्हेवाट लावतं. अँटीथ्रॉम्बिन हे असंच, आणि हेपॅरिनचं इंजेक्शन म्हणजे त्या सापळ्याला तेल घालणं: थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) पकडायचा वेग हजारपट वाढतो.

कोण अडकणार हे आमिषावर ठरतं. अल्फा-१ अँटीट्रिप्सिनच्या आमिषात ३५८ व्या जागी मेथिओनिन असतं, म्हणून ते फुप्फुस कुरतडणारं इलास्टेज पकडतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका मुलात तिथं आर्जिनिन आलेलं होतं. एक अमिनो आम्ल बदललं आणि सापळ्यात इलास्टेजऐवजी थ्रॉम्बिन अडकायला लागलं, म्हणजे रक्त गोठणंच थांबलं. हे प्रोटीन जखम-सूज झाली की वाढतं, म्हणजे नेमकं ज्या वेळी रक्त गोठायला पाहिजे त्याच वेळी जास्त. वयाच्या १४ व्या वर्षी रक्तस्रावानं तो गेला, १९८३ मध्ये हे छापून आलं. दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो.

१०. डी-डायमर वाढलाय, नेटवर वाचून झोप उडालीये. हे नेमकं काय असतं?

शर्टची बटणं आणि काजं डोळ्यांसमोर आणा. फायब्रिनोजेनच्या मधल्या भागावर बटणं असतात पण झाकलेली, दोन्ही टोकांना काजं असतात उघडी. थ्रॉम्बिन येऊन झाकण कापतं, बटण उघडं पडतं, शेजारच्याच्या काजात बसतं, असं करत करत धागा तयार. पण बटणं सुटू शकतात, म्हणून फॅक्टर तेरा येऊन शेजारच्या टोकांना पक्की शिलाई मारतो. पुढं गुठळी विरघळवायला प्लाझ्मिनची कात्री येते, ती कापड कापते पण शिलाई उसवू शकत नाही. शिलाईनं जोडलेली दोन टोकं तशीच सुटून रक्तात येतात. तेच डी-डायमर.

म्हणजे हा आकडा एवढंच सांगतो की कुठंतरी गुठळी झाली, शिवली गेली आणि विरघळतीये. ऑपरेशननंतर, गरोदरपणात, इन्फेक्शनमध्ये, वय वाढल्यावर, सगळीकडं वाढतो. संशय कमी असताना आकडा नॉर्मल आला तर मोठी गुठळी नाही म्हणायला तो उत्तम, पण वाढला म्हणून गुठळी आहेच असं नाही.

११. निळ्या टोपीची ट्यूब नव्हती, जांभळ्यात घेतलं तर एवढं काय बिघडतं?

पीटी-एपीटीटीसाठी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या टेस्ट) घेतलं असेल तर सगळंच. रक्त गोठवणारे बरेचसे फॅक्टर कॅल्शियमच्या मध्यस्थीनं प्लेटलेटच्या पृष्ठभागावर बसतात, कॅल्शियम काढलं की बैठकच मोडली. निळ्यातलं सायट्रेट कॅल्शियम सैल धरतं आणि मशीनमध्ये मोजून कॅल्शियम परत घातलं की खेळ पुन्हा सुरू होतो. जांभळ्यातलं ईडीटीए असं घट्ट धरून बसतं की ते घातलेलं कॅल्शियमही गिळतं, आणि पेशंटला नसलेला दोष रिपोर्टमध्ये दिसतो. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरा हेही त्याचसाठी, ९ भाग रक्त १ भाग सायट्रेट, अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होतं.

१२. प्रोलॅक्टिन नॉर्मलच्या तिप्पट आलंय पण पाळी नियमित आहे, त्रास काहीच नाही. मशीन चुकलं का?

मशीननं बरोबर मोजलं असेल, पण चुकीची गोष्ट मोजली असेल. काही जणांत स्वतःचीच आयजीजी अँटीबॉडी प्रोलॅक्टिनला धरून बसते. प्रोलॅक्टिन २३ किलोडाल्टन, ही जोडी दीडशेच्या वर. एवढं मोठं झालं की किडनीतून लवकर जात नाही, साचत राहतं, आणि रिसेप्टरपर्यंत नीट पोचत नसल्यानं काम जवळजवळ शून्य. याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात. लॅबमध्ये पीईजी घालून मोठ्या जोड्या खाली बसवतात आणि वरचं परत मोजतात, ४० टक्क्यांपेक्षा कमी उरलं तर हाच प्रकार. एमआरआयला पळायच्या आधी ही टेस्ट झालीये का एवढं विचारा. अमायलेजमध्येही असंच होतं, मॅक्रोअमायलेज.

१३. पीएसएमध्ये "फ्री" आणि "टोटल" असं का देतात?

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं, तेही कापणारं एन्झाइम आहे, म्हणून रक्तात आलं की बरंचसं प्रश्न ९ मधल्यासारख्या सापळ्यात अडकतं, सापळ्याचं नाव अल्फा-१ अँटीकायमोट्रिप्सिन. जे मोकळं राहतं ते फ्री. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अडकलेल्याचं प्रमाण जास्त आणि फ्रीचं कमी असतं. टोटल ४ ते १० मध्ये असेल तेव्हा हे बघतात: फ्री २५ टक्क्यांच्या वर असेल तर काळजी कमी, १० च्या खाली असेल तर जास्त. आणि काही पीएसएला अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन असं गुंडाळून टाकतं की टेस्टच्या अँटीबॉडीला ते दिसतच नाही, म्हणजे टोटल हेसुद्धा खरं टोटल नाही.

१४. क्रायोग्लोब्युलिनचं सॅम्पल थर्मासमध्ये गरम का न्यायला सांगतात? बाकी सगळं तर बर्फात जातं.

कारण ही प्रोटिन्स थंडीत चिकटतात. ३७ अंशाला विरघळलेली अँटीबॉडी गार झाली की एकमेकींना धरून खाली बसते. नळी गार झाली तर ही अँटीबॉडी गुठळीबरोबर फेकली जाते आणि रिपोर्ट निगेटिव्ह. रक्त घेण्यापासून सीरम वेगळं होईपर्यंत ३७, आणि मग मुद्दाम फ्रिजमध्ये काही दिवस. हिपॅटायटिस सी मध्ये बऱ्याचदा दिसतं. थंडीत बोटं निळी पडतात, पायावर पुरळ येतं, ते यामुळंही असू शकतं.

१५. घोणस चावल्यावर एएसव्ही दिलं तरी रक्त लगेच का गोठत नाही? डोस कमी पडला का?

घोणशीचं विष फॅक्टर दहा आणि पाचला पकडून चालू करतं, कोकणातलं फुरसं थेट प्रोथ्रॉम्बिनला. दोन्हीकडं शेवट एकच: थ्रॉम्बिन सुटतं, फायब्रिनोजेन खर्च होत होत संपतं, आणि मग रक्त पाण्यासारखं. एएसव्ही म्हणजे घोड्यात तयार केलेल्या अँटीबॉडी, त्या विषाला धरतात आणि विष थांबतं. पण संपलेलं फायब्रिनोजेन एएसव्ही परत देत नाही, ते लिव्हरला बनवायला लागतं आणि त्याला सहा तास तरी जातात. म्हणूनच साध्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटं ठेवून करायची टेस्ट सहा तासांनी परत करतात, दर अर्ध्या तासानं नाही. नळी काचेचीच पाहिजे, कारण गोठायची सुरुवात काचेच्या पृष्ठभागावर फॅक्टर बारा चिकटण्यानं होते, प्लास्टिकमध्ये फसाल.

१६. प्रोटीन पावडर घेतली की हे सगळं बाइंडिंग सुधारतं का?

नाही. पोटात त्याची अमिनो आम्लं होतात, पुढचं लिव्हर ठरवतं.

१७. चंद्रपूरच्या शेतकऱ्याला जनावरांचा रोग झाला ती केस प्रोटीन बाइंडिंगची होती असं सर म्हणाले. खरंय का?

खरंय, आणि माझी सगळ्यात आवडती. सर्रा हा घोडे, उंट, बैल यांचा रोग, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय नावाचा परजीवी, चावऱ्या माश्यांमधून पसरतो. माणसाला होत नाही असं मानलं जायचं, कारण आपलं रक्त त्याला मारतं. २००४ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या गुरं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला, नागपूरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये ते जगापुढं मांडलं, सुरामिन देऊन तो बरा झाला.

आता मारतं ते कसं? आफ्रिकेतल्या या परजीवीच्या चुलतभावावर, ट्रिपॅनोसोमा ब्रुसेईवर ते उलगडलं. परजीवीला हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) स्वतः बनवता येत नाही, म्हणून तो प्रश्न ५ मधली हॅप्टोग्लोबिन-हिमोग्लोबिनची जोडी रिसेप्टरनं पकडून आत घेतो. आपल्या रक्तात हॅप्टोग्लोबिनसारखंच दिसणारं एक तोतया प्रोटीन आहे, तेही हिमोग्लोबिन धरतं, पण ते एचडीएलच्या (रक्तातून चरबी वाहून नेणारे कण) ज्या कणावर बसलेलं असतं त्यावर एपीओएल१ नावाचं विषही असतं. परजीवी खाऊ समजून तो कण आत घेतो, एपीओएल१ त्याच्या पडद्याला भोकं पाडतं.

चंद्रपूरच्या पेशंटच्या रक्तात एपीओएल१ नव्हतंच, जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, २००६ मध्ये ते सिद्ध झालं. बाहेरून एपीओएल१ घातलं की त्याच्या सीरमनं परजीवी मारला. परीक्षेत विचारलं तर एवढं लिहा: आमिष होतं, पकड होती, फक्त आमिषातलं विष नव्हतं.